लेबल नसलेलं औषध

स्लाऊच्या हाय स्ट्रीटपासून दोन गल्ल्या आत एक केमिस्टचं दुकान होतं. तिथे मी बावीस वर्षं लेबलं चिकटवली. लोकांना वाटतं, फार्मसिस्ट गोळ्या मोजते. मोजतेच, पण तेवढं काम यंत्रही करतं. खरी जबाबदारी लेबलाची. पांढऱ्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. बाटलीवर नाव, मात्रा आणि 'जेवणानंतर' असं टाइप केलं की त्या एका माणसाच्या होतात, आणि काही चुकलं तर जबाब द्यायला मी असते. सुरुवातीला एक खडखडणारा टाइपरायटर होता. त्याचा 'e' अर्धाच उठायचा. पुढे कॉम्प्युटर आला आणि सगळे 'e' गुटगुटीत झाले.

लेबल वाचणारे मात्र नाना तऱ्हेचे. एक इंग्रज म्हातारा आठवडाभर औषध न घेता परत आला. लेबलावर 'पाण्याबरोबर' लिहिलं होतं आणि हा गृहस्थ पाणी पीतच नव्हता. चहा पाण्यात मोडतो का, हे विचारायला बिचारा दोन बस बदलून आला होता. मोडतो म्हटल्यावर त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. आपल्या बायकांची वेगळीच कथा. त्या वाटीभर साखर उसनी द्यावी तशा ब्लडप्रेशरच्या गोळ्या एकमेकींना द्यायच्या आणि वर मलाच सांगायच्या, "हिच्या गुलाबी मला जास्त मानवतात हो!"

दुकानाचे मालक मिस्टर प्रिचर्ड हे वेल्समधले. जोगळेकर हे नाव त्यांच्या जिभेला कधी झेपलं नाही, त्यामुळे मी शेवटपर्यंत 'मिसेस जे' राहिले. मागच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर त्यांनी काचेच्या बुचाची एक तपकिरी बाटली ठेवली होती. रिकामी. नवीन होते तेव्हा एकदा मी ती टाकून द्यायला निघाले, तर म्हातारा स्टुलावर चढून आडवा आला. बाटलीवरचं लेबल लॅटिनमध्ये होतं. ते गांजाच्या अर्काचं होतं. म्हणाले, "तरुणपणी मी स्वतः हे मोजून द्यायचो. डॉक्टर लिहून द्यायचे आणि चर्चमधल्या सभ्य बायका घेऊन जायच्या. मग एके दिवशी कायदा बदलला आणि हीच बाटली गुन्हा झाली. बाटली तीच होती, मिसेस जे." मी मान डोलावली आणि कामाला लागले. बाटली वर राहिली.

आता गायकवाड काकांबद्दल. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. काका मूळचे परळचे. ट्रेडिंग इस्टेटवरच्या पंख्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढलेले आणि तिथले युनियनचे पुढारी. आवाज असा की मशीन बंद न करता भाषण करणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. दर रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये बौद्ध मंडळींची वंदना असायची. पिंगपाँगच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर मूर्ती, आणि समोर काका. एक वाजता बॅडमिंटनवाले यायचे, म्हणून सगळं साडेबारालाच आवरायचं. काका त्रिशरण-पंचशील म्हणायचे, मागून साठ माणसं म्हणायची. एप्रिलमधल्या जयंतीला तर "पाच मिनिटं बोलतो" म्हणून ते पाऊण तास बोलायचे आणि कुणी घड्याळ बघायचं नाही.

हा माणूस एकदा जूनमध्ये मफलर गुंडाळून दुकानात आला. बोलत होत्या त्या विमलकाकू.

"ताई, यांच्या गालाला काहीतरी झालंय. दात काढला, तरी दुखतंय. दुसरा काढला, तरी दुखतंय. तिसरा मी काढू दिला नाही."

दुखणं दातांचं नव्हतंच. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कानाजवळून निघून तीन फांद्यांनी पसरणारी एकेक नस असते. ती बिघडली की उघड्या वायरला गाल लागावा तशी कळ येते. वाऱ्याची झुळूक पुरते. दाढीचा ब्रश पुरतो. चहाचा घोट, जांभई, हसू, 'जय भीम' एवढे दोन शब्दसुद्धा पुरतात. कळ काही सेकंदच टिकते, पण माणूस पुढची येईल या भीतीने दिवसभर गप्प बसतो. काका जेवेनात. भात मऊ करून, ताकात कालवून, डाव्या बाजूने गिळायचे. ज्या माणसाचा आवाज हीच ओळख, तो खिशात पेन्सिल घेऊन फिरायला लागला.

डॉक्टरांनी योग्य तेच औषध दिलं, कार्बामॅझेपीन. मी लेबल लावलं: झोप येऊ शकते, गाडी चालवू नये. थोडा उतार पडला. पुन्हा दुखलं, मात्रा वाढवली. आणि मग काका चालताना झोकांड्या खायला लागले. वंदनेत बसल्या बसल्या डुलायला लागले, जीभ जड झाली. ज्याने आयुष्यात बिअरचा थेंब घेतला नाही, त्याच्याबद्दल लोक कुजबुजायला लागले, "गायकवाड घ्यायला लागले वाटतं." काकूंनी मला हे काउंटरवर सांगितलं आणि रडल्या. मीही मनातून शरमले. ते डोलणं माझ्याच लेबलाचं होतं.

पुढचा हिवाळा सरत आला. फेब्रुवारीत एके दुपारी काका एकटेच आले. मफलर होता, पण गळ्यात. चेहरा उघडा. वजनकाट्याजवळच्या खुर्चीत बसले, खिशातून बिस्किट काढलं आणि माझ्याकडे बघत कडकन तोडून खाल्लं. उजव्या बाजूने.

"काका!" मी म्हटलं.

"हळू बोला ताई. एक खाजगी बोलायचंय."

आम्ही मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. त्यांच्याबरोबर युनियनमध्ये डेस्मंड नावाचा जमैकन माणूस होता. दोघांनी मिळून तीन संप केलेले. काका गप्प झालेले त्याला बघवेना. एके दिवशी तो घरी आला, टेबलावर एक पुडी ठेवली आणि म्हणाला, "माझी आजी कळांसाठी हेच द्यायची. ओढू नकोस, खा." काकूंनी पुडी आधी कपाटात ठेवली, मग बाथरूममध्ये, मग तांदळाच्या डब्यात. तीन आठवड्यांनी एका वाईट सकाळी त्यांनी स्वतःच तुपात चिमूटभर परतून मऊ खिचडीवर घातलं.

"आणि?"

"आणि काय, त्या दिवशी संध्याकाळी मी हिला हाक मारली. पूर्ण नावाने."

मी खूश झाले, लपवत नाही. पण धंद्याची सवय जात नाही. रोजच्या गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सगळं सांगा, गाडीला हात लावू नका, अशी मी सरबत्ती केली. काकांनी डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "हे मी ऐकलेलं नाही. मात्र गोळ्या हळूहळू कमी करू या." इंग्रज माणसाची ही एक कला आहे.

"मग अडचण काय आहे?"

काका म्हणाले, "पाचवं शील. नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, असं दर रविवारी मी साठ लोकांकडून म्हणवून घेतो. आता मी ते कोणत्या तोंडाने म्हणू? आणि हे घेतलं नाही तर म्हणायला तोंडच उरत नाही. तुम्ही सांगा, हे औषध की नशा?"

"मला कसं ठरवता येईल काका?"

"तुम्हीच तर ठरवता. लेबल लागलं की औषध. मला एक लेबल टाइप करून द्या. माझं नाव, चिमूटभर, जेवणाबरोबर. डब्याला लावतो. मग मी खुशाल शील म्हणेन."

मी नाही म्हटलं. बेकायदा वस्तूवर दुकानाचं लेबल म्हणजे माझं रजिस्ट्रेशन गेलं, प्रिचर्डचं दुकान गेलं. हे सगळं मी व्यवस्थित समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोळ्यांत ती संपाच्या दिवसांतली चमक आली.

"ताई, तुमच्या लोकांनी दोन हजार वर्षं आमच्यावर न मागता लेबलं लावली. आज मी पहिल्यांदा एक मागतोय, तर नाही म्हणता?"

ते हसत हसत म्हणाले, आणि अगदी जोरात हसले. कळ आली नाही. मीही हसले. पण ते गेल्यावर मी टाइपरायटरसमोर बसले तर बोटं चालेनात. बोललेलं खरं असलं आणि वर गमतीने बोललेलं असलं की ते जास्त खोल जातं. प्रिचर्डनी अर्धंमुर्धं ऐकलं होतं. ते स्टुलावर चढले, फळीवरची बाटली उतरवली, रुमालाने पुसली आणि परत ठेवली.

त्यानंतरची हकीकत मला काकूंकडून आठवड्याच्या आठवड्याला कळत गेली. काका वंदना म्हणायचे. आवाज पूर्वीसारखा खणखणीत. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. आणि पाचव्याला थांबायचे. खाली मान घालून गप्प. हॉलमध्ये शांतता, मग मागच्या रांगेतली कुणी आजी कणव येऊन पाचवं शील स्वतःच म्हणायची आणि गाडी पुढे जायची. लोकांना वाटायचं, नेमकी तिथे कळ येते. एका निवृत्त इंजिनियरने अभ्यास केला. त्याच्या मते चार शिलांनी जबडा तापायचा आणि पाचव्याला नस धरायची. दुसऱ्याने शोध लावला की पाचव्या शिलाच्या सुमारास उजव्या खिडकीतून वारा येतो. खिडकीला टेप लावला. पुढच्या रविवारी काकांची जागा हलवली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या पायाशी हीटर आला. एका बाईने तर गालाला बांधायला लोकरीचा पट्टा विणून दिला. काका तो बांधून तीन शिलं म्हणायचे, चौथ्याला घामाघूम व्हायचे आणि पाचव्याला गप्प.

"लोक इतकं प्रेमाने करतात ना ताई," काकू म्हणाल्या, "की यांना आणखीच चोरासारखं वाटतं. रात्री जेवताना म्हणाले, जयंतीला सगळं सांगून टाकणार. आणि वंदना दुसऱ्या कुणाला देणार. मी म्हटलं, द्या. पण तोंड वर करून द्या. तुम्ही या हं जयंतीला."

मी गेले. मनात धाकधूक होती. काका उठून जे बोलतील त्याने त्यांची इतक्या वर्षांची पत एका मिनिटात जाऊ शकत होती. शिवाय त्यांनी माझं नाव घेतलं तर माझंही काही खरं नव्हतं. हॉल गच्च भरला होता. पाहुण्यांच्या रांगेत माझ्या उजवीकडे भन्ते बसले होते, श्रीलंकेचे, वयस्कर, मराठीचा गंध नसलेले. आणि डावीकडे, झेंडूचा हार गळ्यात घालून, पोलिस सार्जंट. मिरवणुकीसाठी रस्ता मोकळा ठेवायचे म्हणून त्यांना दरवर्षी बोलावायचे. ते दरवर्षी आनंदाने हार घालून बसायचे आणि न समजलेल्या भाषणांना टाळ्या वाजवायचे.

काकांनी वंदना सुरू केली. चार शिलं झाली. शांतता झाली. मागून आजीने घसा खाकरला, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"थांबा मावशी. आज मला कळ आलेली नाही. या शिलाला कधीच आलेली नव्हती. तुम्ही खिडक्यांना टेप लावले, हीटर ठेवला, पट्टा विणला. मी तुम्हाला फसवत होतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. डेस्मंडचं नाव तेवढं घेतलं नाही, 'एक मित्र' एवढंच म्हणाले. माझंही घेतलं नाही. पण ज्याला गांजा म्हणतात त्याला ते गांजाच म्हणाले. एकदा नव्हे, तीनदा. हॉलमधल्या सगळ्या मराठीत सार्जंटला समजण्यासारखा तो एकच शब्द होता.

सार्जंट ताठ बसले. हॉल सुन्न. भन्ते माझ्याकडे कलले आणि इंग्रजीत म्हणाले, "हे काय म्हणाले? सगळे एवढे गप्प का?"

भन्ते वाट बघत होते. दुसऱ्या बाजूने सार्जंटचा कानही माझ्याकडे होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचं अक्षर वाचून दाखवणं हाच माझा धंदा होता, पण इतकं कठीण प्रिस्क्रिप्शन कधी आलं नव्हतं. काही थातूरमातूर सांगता आलं असतं. काका मंचावरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, "मी मिस्टर गायकवाडांची फार्मसिस्ट आहे. त्यांच्या चेहऱ्याच्या नसेचं दुखणं फार भयंकर आहे. ते एक औषध घेतात. ते औषध त्यांना लागू पडतं. मात्र कायद्याने मला त्यावर लेबल लावता येत नाही. लेबल नसलेलं औषध घेतलं तर पाचवं शील मोडतं का, असा त्यांचा प्रश्न आहे."

'औषध' हा शब्द मी तीनदा वापरला. तोलून मापून.

सार्जंटने हाराची दोन फुलं नीट केली. मग हलकेच म्हणाले, "मॅडम, माझं मराठी फार कच्चं आहे." आणि छताकडे बघत बसले.

भन्त्यांनी डोळे मिटले. उघडले. "शील वस्तूबद्दल नाही. भान सुटण्याबद्दल आहे," ते म्हणाले. "विचारा, यांचं भान सुटतं का?"

मी ते मराठीत सांगितलं. काका उत्तर देणार तोच विमलकाकू उभ्या राहिल्या. या बाईंना मी चारचौघांत बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी सांगते. दवाखान्याच्या गोळ्या जोरात होत्या तेव्हा यांनी चपला फ्रिजमध्ये ठेवल्या. दोनदा. गॅस चालू ठेवून झोपले. शेजारच्यांच्या घरात शिरून त्यांच्या सोफ्यावर बसले. तेव्हा कुणी म्हणालं नाही शील मोडलं म्हणून, कारण बाटलीवर नाव छापलेलं होतं. आणि आता? आता मागच्या दाराची कडी दुरुस्त केली, सात वर्षं पडली होती. माझ्याशी भांडतात, आणि मुद्द्याला धरून भांडतात. भन्त्यांना विचारा, याहून जास्त भान नवऱ्याला असावं का?"

आधी मागची आजी हसली. मग तो इंजिनियर, मग सगळा हॉल. मी भन्त्यांना इंग्रजीत सांगेपर्यंत माझंच हसू आवरेना. चपलांपाशी पोचले तेव्हा भन्ते पोट धरून हसत होते, आणि मराठी कच्चं असलेले सार्जंट इंग्रजीत ऐकून डोळे पुसत होते. काका मंचावर उभे होते, तोंड पूर्ण उघडून हसत होते, टेप फाटलेल्या खिडकीतून एप्रिलचा वारा थेट त्यांच्या उजव्या गालावर येत होता, आणि काहीही होत नव्हतं.

मग भन्त्यांनी हाताने खूण केली. काकांनी पाचवं शील म्हटलं. त्या आवाजाने पिंगपाँगच्या टेबलावरची मेणबत्ती थरथरली असं लोक नंतर सांगत. मी म्हणेन, ती वाऱ्याने थरथरली. पण आवाज तेवढा होता खरा.

एक धंद्याची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझी झोप उडेल. या वस्तूने सगळ्यांचं भलं होतं असं नाही. पुढे नव्वदीत अशी दुखणी असलेले लोक पेपरात उघड बोलायला लागले, तेव्हा माझ्या काउंटरवरही काही आले. एका बाईला त्याने काहीच फरक पडला नाही, एकाला नुसती धास्ती बसायला लागली. काकांना लागू पडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढंच सांगते.

आणि ते लेबल मी टाइप करून दिलं नाही, याची रुखरुख राहिली. म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीत मी काकांसाठी चकल्या केल्या. चांगल्या कडक. आणि दुकानात जाऊन अर्धा 'e' उठणाऱ्या टाइपरायटरवर डब्यासाठी लेबल टाइप केलं: मिस्टर एस. गायकवाड. एक, दिवसातून तीनदा. चावून खावी. खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख, नियमाप्रमाणे. पुढच्या प्रत्येक दिवाळीला डबा गेला, लेबल मात्र पहिल्याच वर्षी लागलं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी काका आले. केस सगळे पांढरे, काठी हातात, मफलर नाही. काखेतल्या पिशवीतून वंदनेचं पुस्तक काढलं, पाचव्या शिलाच्या पानावर उघडलं आणि काउंटरवर ठेवलं. तिथे ते लेबल चिकटवलेलं होतं. तेलाचा डाग पडून पिवळं झालेलं.

"तुम्ही दिलंत की नाही शेवटी?" ते म्हणाले. "इन्स्पेक्टर आला की दाखवतो."

मग मी खालचा खण उघडला. निरोपासाठी आणलेल्या चकल्या तिथे होत्या. त्यांनी एक घेतली, उजव्या दाढेखाली धरली आणि माझ्याकडे बघत तोडली. वजनकाट्याजवळ बसलेल्या इंग्रज बाईने दचकून वळून पाहिलं.